डबल बेल

मास्तरीणबाईंना पाण्याची भीती लहानपणापासूनची. बादलीत पाय बुडवायचा तरी आधी तळ दिसतोय का ते बघणार. अशा बाईला लेकीने ऐन उन्हाळ्यात बोटीची तिकिटं पाठवली, उत्तरेकडच्या थंड मुलखाची, आणि बाई एका दमात "हो, जातो की" म्हणून मोकळ्या झाल्या. का? तर नाही म्हणायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. आणि कारण पाणी नव्हतंच मुळी.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतल्या नव्हेत हं, कात्रीतल्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणकामाचं दुकान. पुरुष शिवायला बसला की त्याला टेलर मास्तर म्हणतात, मग बाईला काय म्हणायचं? कुणीतरी थट्टेने मास्तरीणबाई म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्यांचे यजमान म्हणजे गल्लीचे ड्रायव्हरकाका. या माणसाने जन्मभर शहरातली बस चालवली आणि बसचा कायदा पार हाडात मुरवून घेतला. कंडक्टरने एकदा घंटा दिली की थांबायचं, दोनदा दिली की निघायचं. डबल बेल झाल्याशिवाय गाडी तसूभर हलणार नाही, मग मागचा हॉर्न वाजवून मरो नाहीतर शिव्या घालून.

हाच कायदा घरात आला. नव्या नवलाईत गंमत म्हणून सुरू झाला आणि पुढे सवयच झाली. घरात कंडक्टर बाई. जेवणं आटोपली की त्या अंगठी ताटावर दोनदा वाजवायच्या, टण टण, की काका उठले हात धुवायला. बाजारात एखाद्या खांबावर एकदाच, टण, की काका पिशव्या घेऊन तिथेच उभे. लेक लहान असताना हसून हसून लोळायची. "बाबा, तुम्ही काय बस आहात का?"

"बस नाही गं, ड्रायव्हर," काका म्हणायचे. "जायचं कुठे ते तुझ्या आईला माहीत."

तर असं सुखाचं चाललेलं असताना काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्याचं नाव. तेवढं कोण विसरत नाही? मग एक दिवस दूध आणायला म्हणून गेले ते दुपारी बसडेपोच्या फाटकाशी सापडले. हातात दुधाची पिशवी, आणि वॉचमनकडे आपली गाडी मागताहेत. वॉचमन जुना, ओळखीचा. त्याने रिक्षात घालून घरी आणून सोडलं. बाईंनी त्याला चहा पाजला आणि "कुणाजवळ बोलू नका हो" म्हणून हात जोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकीला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील, चार डॉक्टर करील आणि बाबांना कुठल्याशा सांभाळणाऱ्या माणसांत नेऊन ठेवील, ही बाईंची धास्ती. आणि तिथे यांच्यासाठी ताटावर अंगठी कोण वाजवणार?

म्हणून त्या हो म्हणाल्या. जायच्या आदल्या आठवड्यात लेकीने फोनवर बोट कंपनीची माहितीपुस्तिका वाचून दाखवली. "आई, नीट ऐक. उन्हाळा असला तरी तिकडे थंडी असणार, तेव्हा एकावर एक कपडे घाला. एकच जाड स्वेटर घालून मिरवू नका. सूर्य मावळतच नाही म्हणे, म्हणून झोपताना पडदा ओढून घ्या. पोटात ढवळलं तर गोळी घ्या आणि लांब, आभाळाकडे बघत बसा. आणि लहान गावांना बोट काठाला लागत नाही. ती समुद्रातच उभी राहते, मग होडीने नेतात किनाऱ्यावर."

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "होडीने?"

"घाबरतेस काय! बाबा आहेत ना बरोबर."

"हो ना," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या शिवणयंत्रासमोर कितीतरी वेळ नुसत्या बसून होत्या. त्या पुस्तिकेत थंडी होती, उजेड होता, उलटी होती. त्यांना ज्याची भीती वाटत होती ते सोडून सगळं होतं.

बोट म्हणजे तरंगती चाळ. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं, आणि कुठल्या मजल्यावर आहोत ते कळायला काही मार्ग नाही. चांगली शुद्धीवरची माणसं तिथे हरवत होती, मग काकांचं काय विचारता. बाईंनी पहिल्या दिवसापासून त्यांची पाठ सोडली नाही. उजेड कधी संपायचाच नाही, त्यामुळे काकांना सदा सकाळ झाल्यासारखं वाटायचं, आणि पडदा ओढलेला असला तरी ते उठून बुटांच्या नाड्या बांधायला बसायचे. बाई दाराला बॅग लावून ठेवायच्या आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून पडायच्या. कठड्याशी उभे राहिले की काका खाली पाण्याकडे बघून म्हणायचे, "रस्ता गुळगुळीत केलाय नाही यांनी!" ऐकून आजूबाजूची माणसं हसायची. बाईही हसायच्या, आणि हसता हसता त्यांच्या पट्ट्यात मागून बोटं अडकवून ठेवायच्या.

त्यातून आणखी एक संकट. थंडी वाढली तसे बोटवाल्यांनी सगळ्यांना कोट वाटले, टोपीवाले, गुडघ्यापर्यंतचे, लालभडक. सगळ्यांना एकाच रंगाचे, एकाच कापडाचे. टोपी ओढली आणि मफलर गुंडाळला की बाप ओळखू येईना की लेक. न्याहारीच्या रांगेत बाईंचा हात सुटला आणि पाच-सहा लाल पाठी एकदम वळल्या तेव्हा त्यांचं काळीज तोंडाशी आलं होतं.

पण बाई कात्रीतल्या. त्यांनी सामानातून सुई काढली आणि काकांच्या कोटाच्या डाव्या बाहीला मनगटाशी पिवळ्या दोऱ्याची ठसठशीत टीप मारली. लांबूनसुद्धा दिसावी अशी. "झालं," त्या म्हणाल्या. "आता गर्दीत तोंड बघायलाच नको. बाही बघितली की झालं."

"फार छान," काका म्हणाले. "ड्रेसवर पट्टी आली म्हणजे बढती झाली." आणि दोघं खूप दिवसांनी मनापासून हसले.

बोटीवर प्रत्येकाला एक कार्ड होतं. उतरताना दारातल्या यंत्राला दाखवायचं, चढताना पुन्हा दाखवायचं. कोण बाहेर आणि कोण आत ते यंत्राला बरोबर ठाऊक. काकांचं कार्ड अर्थातच बाईंच्या पर्समध्ये. दारावरचा पहारेकरी चेष्टा करायचा, "काकू, काकांना एवढंही स्वातंत्र्य नाही?"

"घराची किल्लीपण माझ्याकडेच असते," बाई म्हणायच्या आणि दोन्ही कार्डं पुढे करायच्या. टुंई, टुंई.

आता ऐका, तो दिवस कसा उजाडला. उजाडला म्हणायचं आपलं, मावळलाच कधी होता? बोट एका लहानशा गावासमोर उभी राहिली. डोंगराच्या पायथ्याशी पाचपन्नास घरं, लाकडाचा धक्का आणि धक्क्याशी एक मोठा हॉल. आत शेगडी पेटलेली, गरम चहा, गरम सूप. होडीत बाई डोळे मिटून, काकांच्या दंडाला धरून आल्या होत्या. हॉलमध्ये पोचल्यावर कुठे त्यांचे हात उबेला लागले. सगळ्यांनी कोट काढून भिंतीवरच्या खुंट्यांना अडकवले. काकांनी चहाबरोबरची दोन बिस्किटं कागदात गुंडाळली आणि उठून भिंतीशी जाऊन आपल्या कोटाच्या खिशात ठेवली.

"कुणासाठी हो?"

"कंडक्टरसाठी," काका म्हणाले. हेही रोजचंच.

निघताना सगळे एकदम उठले आणि खुंट्यांशी ही झुंबड उडाली. बाई आपला कोट शोधताहेत तोवर काकांनी एक ओढून अंगात घातलासुद्धा, हातमोजे बाहीवरून पार वर ओढले, टोपी ओढली, एकदम तयार. बाईंना बरं वाटलं. आज शहाण्यासारखे वागताहेत, त्या मनाशी म्हणाल्या.

पण त्यांना स्वतःला जायचं होतं आणि बायकांच्या संडासापुढे भली मोठी रांग. काकांना तिथे कसं नेणार? हॉलमध्ये ठेवावं तर त्याला दोन दारं, आणि माणसांचा लोंढा बाहेर निघालेला. काका लोंढ्याबरोबर कुठेही गेले असते. म्हणून बाईंनी त्यांना हॉलच्या मागच्या अंगाला आणलं. तिथे वारा लागत नव्हता, चिटपाखरू नव्हतं, आणि होड्या बांधायचा एक जुना लोखंडी खांब होता. बाईंनी हातमोजा काढून खांबावर अंगठी वाजवली. टण.

"थांबा इथेच. मी आले की निघू."

"हुकूम," काका म्हणाले आणि त्यांनी खांबाला हात लावला.

रांग सरकता सरकेना. बाई बाहेर आल्या तेव्हा जगच पुसून गेलं होतं. धुकं उतरलं होतं. डोंगर नाही, घरं नाहीत, बोट नाही. बोटीचा भोंगा तेवढा कुठूनतरी येत होता आणि खलाशी ओरडत होते, "चला चला, शेवटची होडी, धुकं वाढायच्या आत!" लाल कोट धक्क्यावरून पळत सुटले होते. बाई हॉलच्या मागे वळणार, तोच त्यांना पुढे ती दिसली. डावी बाही, मनगटाशी पिवळी टीप. होडीत उतरत होती.

आधी त्यांना राग आला. बघा, हललेच! मग जीव भांड्यात पडला. हलले तर हलले, गर्दीबरोबर बरोबर होडीशी आले. "अहो!" त्यांनी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती कुठली ऐकू जायला? एका खलाशाने बाईंना दंडाला धरून होडीच्या मागच्या टोकाला बसवलं. पिवळी टीप पुढच्या टोकाला. मध्ये सगळा लाल समुद्र. बाईंनी एकदा पुढे बघायचा प्रयत्न केला, पण पुढे बघायचं म्हणजे पाणीही दिसणार. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

बोटीच्या दारात ढकलाढकली चाललेली. पिवळी टीप आत शिरली होती. बाईंनी धापा टाकत दोन्ही कार्डं पुढे केली.

"काका कुठायत?" पहारेकऱ्याने विचारलं.

"ते काय, पुढे गेले."

टुंई, टुंई.

लिफ्टपाशी बाईंनी गाठलंच. बाही धरून ओढली. "काय हो, खांबाशी थांबा म्हटलं होतं ना तुम्हाला?"

टोपी मागे झाली. आत टक्कल होतं, सोनेरी काड्यांचा चष्मा होता आणि घाबरलेला एक चेहरा होता. जेवणाच्या वेळी शेजारच्या टेबलावर बसणारे दाताचे डॉक्टर. "मला म्हणताय का, बाई?"

बाईंनी बाही उलटी केली. टीप त्यांचीच होती. स्वतःच्या हाताची टीप कुठली शिवणारी ओळखणार नाही?

"हा कोट तुमचा नाही," त्या म्हणाल्या.

"असेल बुवा. सगळे सारखेच." डॉक्टरांनी खिशात हात घातला. कागदात गुंडाळलेली दोन बिस्किटं निघाली. "ही कुठून आली?"

हा माणूस इथे. मग ते तिथे. थंडीत, धुक्यात, खांबाशी. आणि खांबापासून चार हातांवर धक्का संपून पाणी.

चौकशीच्या टेबलामागची मुलगी गोड होती. तिने पडद्यावर बघितलं आणि हसून म्हणाली, "काका बोटीवरच आहेत, काकू. ही बघा हिरवी खूण."

"नाहीत. ते गावात राहिलेत."

"पण कार्ड लागलंय ना."

"ते मी लावलं!"

मुलगी गोंधळली. तिने आतून अधिकाऱ्याला बोलावलं. उंच, पांढऱ्या शर्टातला, सभ्य. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असं करू, नावानिशी पुकारा करू. बहुतेक वेळा कॉफीच्या काउंटरवर सापडतात मंडळी."

"पुकारा करून उपयोग नाही."

"का?"

आणि बघा माणसाची सवय. जीव टांगणीला लागलेला, तरी बाईंच्या तोंडून तेच निघालं जे वर्षभर निघत होतं. "त्यांना कमी ऐकू येतं," त्या म्हणाल्या.

"मग शोधूया की," अधिकारी म्हणाला आणि त्याने माणसं पाठवली. वाचनालयात, जेवणघरात, वरच्या गच्चीवर. मग हे मजले, मग ते मजले. बाई तिथेच टेबलाची कड धरून उभ्या. नाही, ते तिथे नाहीत, ते तिथे नाहीत हो. एवढ्यात पायाखालची जमीन थरथरायला लागली. खालून साखळी खडखडत वर येत होती. नांगर उचलत होते.

डॉक्टर तो लाल कोट हातावर घेऊन मागे उभे होते. ते हळूच जवळ आले. "बाई, मी रोज सकाळी तुमच्या यजमानांना नमस्कार करतो. रोज ते मला पहिल्यांदाच भेटतात. ऐकू त्यांना चांगलं येतं. यांना सांगा."

म्हणजे सगळ्यांना दिसत होतं! शेजारच्या टेबलाला दिसत होतं, पहारेकऱ्यालाही दिसत असेल. मूठ केव्हाच उघडी पडली होती आणि बाई एकट्याच ती आवळून बसल्या होत्या.

"त्यांना आठवत नाही," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की अधिकारी खाली वाकला. मग तो आवाज फाटला. "त्यांना काही काही आठवत नाही हो! वर्ष झालं. मी कुणाला सांगितलं नाही. मी त्यांना खांबाशी उभं करून आले आणि या बाहीच्या मागे धावत सुटले. यंत्राला मी खोटं सांगितलं, तुम्हालाही खोटं सांगितलं. तुमच्या पाया पडते, बोट थांबवा."

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. त्याने फोन उचलला, दोन वाक्यं बोलला, आणि थरथर थांबली. साखळी पुन्हा खडखडत खाली गेली.

"होडी पाठवतो," तो म्हणाला. "पण आमची माणसं परत आली, हॉलला कुलूप लागलं. ते एका जागी थांबतील असं नाही ना. चालत निघाले असतील तर..." धक्का, धुकं आणि पाणी बाईंना न सांगता दिसत होतं.

"मी येते."

"काकू, पाणी उसळलंय. तुम्ही इथेच..."

"ते तुमच्याबरोबर यायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या लेकीला फोन लावा. तिला सगळं सांगा. मी म्हटलं म्हणून सांगा."

होडीत दोन खलाशी आणि बाई. लाटा पार मांडीवर येत होत्या. या खेपेला बाईंनी डोळे मिटले नाहीत. डोळे फाडफाडून त्या धुक्यात बघत होत्या आणि त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. आज सकाळी यांनी दाढी केली होती का? काही केल्या आठवेना. या माणसाच्या खांद्याचं माप, गळ्याचं माप, बाहीचं माप झोपेत विचारा, सांगतील. आणि आज सकाळचा चेहरा आठवेना. दिवसभर त्यांनी बाही बघितली होती. चेहऱ्याकडे बघायची त्यांना भीती वाटत होती, खरी गोष्ट ही होती. कितीतरी महिने झाले होते. चेहऱ्याकडे बघितलं आणि त्या डोळ्यांत आपली ओळखच दिसली नाही तर काय करायचं, या भीतीने त्या पट्टा धरत होत्या, सदरा धरत होत्या, बाही धरत होत्या.

"देवा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "पाण्यात नको. बाकी काहीही कर." खलाशाने इंजिनाचा वेग वाढवला.

धक्का एकदम समोर आला. कुणी नाही. हॉलला कुलूप. बाई धावत मागच्या अंगाला गेल्या, ओल्या फळ्यांवरून दोनदा घसरल्या, उठल्या. धुक्यात आधी खांब दिसला. मग खांबावरचा हात.

काका होते. जिथे ठेवले तिथे. ओठ काळेनिळे पडले होते आणि अंग कापत होतं, पण पाय जागचे हलले नव्हते. त्यांच्याजवळ धक्क्याचा रखवालदार घोंगडी घेऊन उभा होता, अगदी टेकीला आलेला. "तुमचे का हे? किती वेळ सांगतोय, आत चला, माझ्या खोलीत शेगडी आहे. ऐकतच नाहीत. हलायचं नाही म्हणतात. बायको येतेय म्हणतात."

"अहो," बाई म्हणाल्या.

काकांनी वळून पाहिलं. सभ्यपणे, रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाकडे बघावं तसं. "कोण हवंय तुम्हाला?"

बाईंनी टोपी मागे सारली, मफलर सोडला. ओले केस, उघडा चेहरा. घ्या, बघा, आता मीही बघतेय. काकांनी नीट पाहिलं. अगदी मनापासून प्रयत्न करून पाहिलं. दाढी केलेली होती, गालावर थोडी राहिली होती. मग त्यांनी ओशाळून मान हलवली.

"माफ करा, बाई. मला इथून हलता यायचं नाही. माझी बायको आत गेलीय. येईलच एवढ्यात."

ज्या माणसाने लग्नाच्या दिवसापासून त्यांना अगं-तुगं केलं, त्याने आज त्यांना अहो-जाहो केलं. वर्षभर बाई ज्याला भीत होत्या ते समोर उभं होतं आणि त्यांची माफी मागत होतं.

धुक्यातून बोटीचा भोंगा आला. "वेळ नाही, काकू," खलाशी म्हणाला आणि दोघांनी काकांना दोन्हीकडून धरलं. काकांनी खांबाला मिठी मारली. "ड्यूटीवरच्या माणसाला हात लावायचा नाही!" ते गरजले. आवाज तोच, बसमधला. दोन तरणे खलाशी, पण काका सुटेनात.

"सोडा त्यांना," बाई म्हणाल्या. त्या पुढे झाल्या. "तुमच्या बायकोनेच पाठवलंय मला."

काकांनी मिठी जरा सैल केली. "असं होय? पण मग तिने बेल कशी नाही दिली?"

बाईंनी हातमोजा ओढून काढला. बोटं गारठून सुजली होती, अंगठी रुतून बसली होती. त्यांनी ती लोखंडावर वाजवली.

टण. टण.

काकांनी खांब सोडला. एका क्षणात, काही न विचारता. कोट झटकला, पाठ ताठ केली आणि निघाले. खलाशी बघतच राहिले. रखवालदाराने घोंगडी त्यांच्या खांद्यांवर टाकली आणि कपाळाला हात लावला.

होडीत बाई त्यांच्या शेजारी बसल्या. पाणी होतं तसंच उसळत होतं, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी काकांचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागल्या. काकांनी तो हळूच सोडवून घेतला.

"राग मानू नका," ते म्हणाले, "पण माझी बायको समोर बोटीवरून बघत असेल."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपले हात मांडीवर ठेवले.

काका खिसे चाचपत होते. एक झाला, दुसरा झाला. "तिच्यासाठी बिस्किटं ठेवली होती. कुठे पडली कोण जाणे." बोटीचे दिवे धुक्यातून दिसायला लागले तशी त्यांनी काळजीने विचारलं, "रागावलीय का हो ती?"

"नाही."

"मग?"

"घाबरलीय," बाई म्हणाल्या. "फार घाबरलीय."

काकांनी मान डोलावली. "पाण्याला घाबरते. लहानपणापासूनची भीती आहे तिला. बादलीत पाय घालताना आधी तळ बघते." ते हसले आणि मग बाईंच्या कानाशी वाकले. "तुम्ही आधी वर जाल ना? तर तिला तेवढं सांगाल का, मी हललो नाही म्हणून?"

"सांगते," बाई म्हणाल्या.